अकरा सेकंद

सेलूच्या स्टेशन रोडवर माझं दुकान.
पाटीवर अजून ‘शूटिंग व मिक्सिंग’ आहे,
खाली नव्या लाल रंगात ‘लाईव्ह’.
पेंटरला शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही,
त्यानं ते पत्र्याच्या कडेवरून मागं वळवलं.
पुढून वाचलं तर मी नुसता ‘लाई’ आहे.

इथं अक्षता पडतात
आणि दोह्यात, नवरीच्या मामाच्या हातातल्या फोनवर,
अकरा सेकंदांनी.
तोवर इथली माणसं पंगतीकडं पळालेली,
अन् तिकडं अजून अंतरपाट धरलेला.
या अकरा सेकंदांचं भाडं मी खातो.

काम शिकवलं खदीरचाचांनी, टेपच्या काळात.
टेप गुंतली की बोटानं चाक फिरवत म्हणायचे,
‘घाबरना नक्को मियाँ,
बिगड्या सो काटना, बच्या सो जोडना.’
त्यांच्या टेबलाखाली कापून पडलेले
किती रुसलेले जावई,
कललेला एक मांडव,
कुणा वरमाईचं नको तेव्हा आलेलं रडू.
घरोघरी गेली ती सगळी हसरी लग्नं.
आता टेबलाखाली काही पडत नाही.
जे झालं ते गेलं, झालं तसंच,
केस न विंचरता.

मॅनेजमेंट म्हणजे काय ते संभाजीनगरच्या एका हॉटेलात
तीन दिवस पडद्यावर बाण काढून सांगितलं गेलं.
बाण मी वहीत उतरवून घेतले.
दुकानात आल्यावर त्यांच्याखाली लिहिलं:
मुंजाजीला आधी जेवू घालणे, उपाशी असला की कॅमेरा हलतो.
शिवहारवर चिडायचं तर एकट्यात.
दोन कंपन्यांची सिमं. टॉवर पाण्याच्या टाकीआड असेल तर तिसरं.
जनरेटरवाल्याचा फोन आदल्या रात्री लावून बघणे.
नवरदेवाच्या काकाला खुर्ची देणे, कॅमेऱ्याच्या मागं.
प्रज्ञा वाव्हळेला शक्यतो काही सांगू नये.

एवढं लिहून ठेवलं
आणि मानवतला चाळीस मिनिटं आवाज बंद राहिला.
सनईवाले गाल फुगवत होते, भटजी ओठ हलवत होते,
बटण माझ्याच अंगठ्याखाली.
पोरं काही बोलली नाहीत.
परतताना मुंजाजीनं गाडीतलं गाणं बारीक केलं,
तेवढंच.

परवा बोरीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा.
पत्र्याचं सभागृह, सहा पंखे, त्यातला एक कण्हणारा.
स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा: बघणारे, एक.
मुख्याध्यापक खूश झाले.
‘बघायलंय म्हणा कुणीतरी. बाहेरगावचं असंल.’
मी मान हलवली.
तो एक मी होतो.
चित्र नीट जातंय का ते बघायला
खिशातल्या फोनवर लावून ठेवलेलं.
बॅटरी संपत आली म्हणून बंद केलं,
तर आकडा जरा रेंगाळला,
आणि शून्य झाला.

माईकवर सातवीतली नंदिनी लिपणे.
विषय टिटवी.
टिटवी झाडावर बसत नाही,
उघड्या रानात, खड्यांच्या रंगाची अंडी घालते,
माणूस जवळ आला की...
इथं ती थांबली.

डोळे वर, पत्र्याकडं.
एका हातानं ओढणीचं टोक गुंडाळत.
पुढच्या रांगेतली पोरं कुजबुजायला लागली.
आमच्या धंद्यात अशी शांतता म्हणजे गळती,
लगेच बोळा लावायचा.
मी हेडफोनमधून म्हटलं,
प्रज्ञा, हल तिथून. बॅनर दाखव, प्रेक्षक दाखव, काहीही.
बघायलाच कुणी नाही, हे तिलाही दिसत होतं.

तिनं कॅमेरा हलवला नाही.
उलट थोडी आत गेली,
त्या पोरीच्या कपाळाजवळ,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,
‘थांबा सर. आठवायलीय ती.’

मी बोट बटणावरून उचललं.
माईकवर फक्त कण्हणारा पंखा,
आणि तो तसाच चालला होता
शून्याकडं,
अकरा सेकंद मागून.